काळी मोहरी घेऊन बसताना

हे व्याख्यान झाले त्या संध्याकाळी मंचावर एक मोठा पट टांगला होता. शाळेतली दोन मुले माझ्या सांगण्याबरहुकूम त्यावरची मोहरी हलवत होती. तुमच्या हातात आता नुसता छापील मजकूर आहे. म्हणून एक विनंती. घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो घेऊन बसा. नसेल तर शेजारच्या पोराकडून मागून आणा आणि परत करताना त्याच्याशी एक डाव खेळा. एखादा हत्ती हरवलेला असेल तर त्याच्या घरात बाटलीचे बूच ठेवा. आमच्या मच्छेत कित्येक वर्षे बुचांनीच हत्तीचे काम केले आहे.

पट मांडलात की तो फिरवा आणि काळी मोहरी आपल्याकडे घ्या. आज आपण काळ्या बाजूने बसणार आहोत.

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची. हा नियम साधा दिसतो, पण त्यात बरेच काही आहे. पांढरा ठरवतो, काळा उत्तर देतो. पांढऱ्याच्या हातात एका चालीची आघाडी असते आणि ती काळ्याला हळूहळू फेडावी लागते. म्हणून काळ्याच्या सुरुवातींना आपल्याकडे सरसकट ‘बचाव’ म्हणायची पद्धत पडली: सिसिलियन बचाव, फ्रेंच बचाव, पेट्रॉफ बचाव, बर्लिन बचाव. या शब्दाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षे एक अढी होती. ती अढी कशी सुटली आणि तोवर तिची किंमत कोणी मोजली, हे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला आहे.

डाव एकच सांगायचा आहे. ५ एप्रिल २०२४ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात तो खेळला गेला. स्पर्धेचे नाव कँडिडेट्स. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यायचे हे ठरवणारी आठ जणांची ही स्पर्धा असते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे चौदा फेऱ्या. दुसऱ्या फेरीत पांढरी मोहरी होती अमेरिकेच्या हिकारू नाकामुराकडे. काळी होती आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीकडे.

नाशिकचा हा मुलगा तिथवर कसा पोचला ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातही एक डाव हरलेला आहे. २०२३ च्या शरदात आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. तिच्या पहिल्याच फेरीत विदित हरला. अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी शून्य गुण मिळाले की बहुतेकांचे मन परतीच्या तिकिटात गुंतते. विदितने उरलेल्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवले आणि स्पर्धा जिंकली. दुसरा कोण आला? हाच नाकामुरा. म्हणजे टोरांटोला समोरासमोर बसले तेव्हा दोघे एकमेकांना चांगले ओळखून होते.

आता पटावर या. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. तुम्हीही तेच करा. प्यादी एकमेकांना भिडून उभी राहिली. पांढऱ्याने राजाकडचा घोडा बाहेर काढून तुमच्या प्याद्यावर नजर लावली. तुम्ही वजिराकडचा घोडा काढून त्या प्याद्याला आधार दिला. आता पांढऱ्याचा उंट तिरपा धावत आला आणि तुमच्या त्या घोड्यासमोर येऊन उभा राहिला. ही झाली स्पॅनिश सुरुवात. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली आपल्या पुस्तकात तिची चर्चा केली, म्हणून तिला त्याचेही नाव आहे. पांढऱ्याचे म्हणणे असे की, तुझ्या प्याद्याचा राखणदार हा घोडा आहे ना, मग मी राखणदारावरच दबाव आणतो.

इथे काळ्याने काय करावे? आमच्यासारख्यांचा हात पहिल्यांदा कोपऱ्यातल्या प्याद्याकडे जातो. ते एक घर सरकवून त्या उंटाला हुसकावून लावावे असे वाटते. तीही चांगली चाल आहे, जगभर खेळतात. पण आपण दुसरी चाल करू. राजाकडचा घोडा बाहेर काढा. बस्स, हा झाला बर्लिन बचाव. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी त्याचा कसून अभ्यास केला, म्हणून हे नाव.

ती चाल नीट पाहा. उंटाने दबाव आणला होता एका जागी, काळ्याने उत्तर दिले भलत्याच जागी. बाहेर आलेल्या घोड्याने पांढऱ्याच्या राजापुढच्या प्याद्यावर नजर लावली आहे. माझ्या घराला हात लावायचा तर आधी तुझे घर सांभाळ, असे तो म्हणतो आहे. शिवाय राजाच्या बाजूचा एक मोहरा बाहेर पडल्यामुळे किल्लेकोटाची वाटही मोकळी होऊ लागली. नाव बचावाचे, पण एका चालीत तीन कामे झाली. त्यातले एकही काम पळून जाण्याचे नाही.

या बचावाला खरा मान मिळाला २००० साली. लंडनमध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमिर क्रामनिक यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. कास्पारोव्ह १९८५ पासून जगज्जेता, हल्ल्याच्या खेळाचा बादशहा. क्रामनिकने काळी मोहरी घेऊन त्याच्यापुढे चार वेळा बर्लिन मांडला. त्यातल्या मुख्य मार्गात आठव्याच चालीला वजिरावजिरी होते. काळ्याचा राजा वजिराला मारून मधल्या घरांत उघडा राहतो, त्याचा किल्लेकोटाचा हक्क जातो, वर एकाच रांगेत दोन प्यादी एकामागे एक अडकतात. असा पट माझ्या विद्यार्थ्याने मांडला असता तर मी त्याचा कान धरला असता. पण वजीर नाहीत म्हटल्यावर त्या उघड्या राजावर हल्ला करणार कोण? काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत, आणि आत शिरायला पांढऱ्याला एकही सहज वाट नाही. चारही डाव बरोबरीत सुटले. सोळा डावांची लढत पंधराव्या डावानंतर साडेआठ विरुद्ध साडेसहा अशी संपली. कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. त्या वेळेपासून लोक या बचावाला ‘बर्लिनची भिंत’ म्हणू लागले. खरी भिंत पडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

भिंत म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला राजहंसगड आठवतो. मच्छेतून येळ्ळूरकडे तोंड केले की तो डोळ्यांत भरतो. लहानपणी आम्ही गडावर जायचो तेव्हा बुरुजावर चढून तोफेचा आवाज काढायचो. गडावरचे पाण्याचे टाके कुठे आहे, धान्य कुठे साठवत असतील, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही. गड लढतो तो तोफेने, पण टिकतो तो पाण्याने. बुद्धिबळातही आम्ही तोफेचेच शौकीन. आमच्या आजोबांच्या देशी पद्धतीत तर खेळ किती सावकाश! प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. किल्लेकोट नसे. राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्यासारखी उडी मारून कोपऱ्यात लपायची मुभा असे. तरी चावडीवर वाहवा व्हायची ती वजीर देऊन मात करणाऱ्याची. शांतपणे मोहरी जागेवर आणणाऱ्याला म्हणायचे, ‘हा काय खेळतोय, दळण दळतोय.’

आता परत टोरांटोला. नाकामुराला भिंतीची कल्पना होती, म्हणून त्याने भिंतीवर डोके आपटले नाही. चौथ्या चालीला त्याने वजिरापुढचे प्यादे एकच घर पुढे घेऊन आपल्या प्याद्याला टेकू दिला. हल्ली बरेच जण असेच करतात. वजीर पटावर राहतात आणि डाव लांबतो. विदितने उंट बाहेर काढला आणि किल्लेकोट केला. म्हणजे राजा सुरक्षित, हत्ती मधल्या रांगांकडे, दोन्ही घोडे बाहेर. इथवर कुठेही काही भडक घडलेले नाही. घर शाकारून झाले, बांध घालून झाले, बियाणे तयार, पावसाची वाट पाहायची, असा सगळा थाट.

आणि मग, दहा-बारा चालींच्या सुमारास, विदितचा उंट पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि पांढऱ्या राजाच्या अंगणातले कडेचे प्यादे मारून तिथेच उभा राहिला. त्या उंटाला मारता येते. पण मारायचे तर राजापुढच्या प्याद्यांची फळी फुटते आणि काळ्याच्या वजिराला आत यायला दार उघडते. न मारावे तर एक प्यादे फुकट गेले आणि राजाच्या उंबऱ्यावर शत्रूचा उंट बसला. जगात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूला असा प्रश्न पडला.

तुम्ही आता तुमच्या पटाकडे पाहा आणि स्वतःला विचारा: हा उंट असा झेपावू शकला तो कशामुळे? धाडसामुळे, हे उत्तर अर्धेच. विदितचा राजा किल्लेकोटात बसला नसता तर ही झेप आत्मघात ठरली असती. घोडे बाहेर नसते तर उंटाच्या मागून जायला कोणी नव्हते. मधले प्यादे पक्के नसते तर नाकामुराने मधूनच तडाखा दिला असता. आधीच्या त्या कंटाळवाण्या चाली हीच त्या झेपेची शिदोरी होती. विदितने बचाव सोडून हल्ला केला असे मला वाटत नाही. बचाव पुरा झाला होता, म्हणून हल्ला आपसूक आला.

पुढचे फार लांबले नाही. तिसाव्या चालीच्या आत नाकामुराने डाव सोडला. त्याआधीचे ४७ अभिजात डाव तो हरला नव्हता. जगज्जेतेपदाच्या उंबऱ्यावरच्या स्पर्धेत, काळी मोहरी घेऊन, बचावात्मक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीतून नाशिकच्या पोराने ती मालिका तोडली.

इथे व्याख्यान संपवले असते तर टाळ्या पडल्या असत्या. पण गोष्ट तिथे संपत नाही. तिसऱ्या फेरीत विदित प्रज्ञानंदाकडून हरला. चौथ्या फेरीत नेपोम्निआश्चीकडून हरला. पुढे नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवले, तरी अखेरीस चौदापैकी सहा गुण मिळवून तो सहाव्या स्थानी राहिला. गुकेश नऊ गुणांनी पहिला आला. नाकामुरा, कारुआना आणि नेपोम्निआश्ची हे तिघे साडेआठ गुणांवर अडकले. अर्ध्या गुणाचा फरक! आता मनातल्या मनात हिशेब करा. नाकामुराने विदितविरुद्धच्या दोन डावांतून एकही गुण मिळवला नाही. त्यातला एक जरी बरोबरीत सुटला असता तर तो गुकेशच्या बरोबरीला आला असता. गुकेश त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याचे कष्ट त्याचेच, त्याला कोणी ते दान दिले नाही. पण सहाव्या आलेल्या माणसाचे दोन डाव त्या तक्त्यात कुठेतरी पायाच्या दगडासारखे बसले आहेत. पायाचा दगड दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही.

आता माझ्या अढीकडे येतो.

मी गणिताचा मास्तर. नोकरीच्या काळात रविवारी सकाळी देवळाच्या ओवरीत मुलांना बुद्धिबळ शिकवत असे. शिकवणे म्हणजे काय, मला जेवढे येत होते तेवढे. पुस्तके दोन-तीन, घड्याळ एकच, तेही मधेच बंद पडणारे. मुलांत एक अगदी शांत मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही, मच्छेतले निम्मे लोक ओळखतील. तो काळी मोहरी मागून घ्यायचा. इतर पोरे पांढऱ्यासाठी भांडायची आणि हा म्हणायचा, ‘मला काळी चालतील सर.’ समोरचा येईल तसे येऊ द्यायचे, आपली मोहरी एकमेकांना धरून ठेवायची, आणि समोरचा दमला की एखादे प्यादे हळूच पुढे काढायचे. त्याला हरवता हरवता मलाही घाम फुटायचा.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत शेवटच्या फेरीला त्याला अर्धा गुण पुरेसा होता. बरोबरी केली असती तर जिल्ह्याला निवड. काळी मोहरी त्याच्या वाट्याला आलेली. तो आत जाण्याआधी मी त्याला बाजूला घेतले. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, ‘बरोबरी मागायला आलोय काय आपण? आज चढाई कर. भित्र्यासारखं कोपऱ्यात बसू नकोस.’ भोवती इतर शाळांचे मास्तर उभे होते. आपला मुलगा कसा तडफेने खेळतो हे त्यांना दिसावे अशी माझी हौस होती. ती हौस मी त्याच्या गळ्यात बांधली.

त्याने माझे ऐकले. राजापुढची प्यादी भराभर पुढे काढली. समोरच्या मुलाने फार काही केले नाही, फक्त उघड्या पडलेल्या राजाकडे मोहरी वळवली. चोविसाव्या-पंचविसाव्या चालीला मात झाली. मुलगा उठला, हात मिळवला, बाहेर आला आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही सांगिटल्यासारखं केलं.’ त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागले. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मग इथल्याच औद्योगिक वसाहतीत लेथवर लागला. रविवारी ओवरीत येणे त्याने कधीच सोडले होते.

मी त्या दिवशी काय चुकलो, हे मला तेव्हा कळले नव्हते. मला वाटायचे, एक डाव हरला, त्यात काय एवढे! खरी चूक वेगळी होती. त्या मुलाला स्वतःचा खेळ होता आणि मी त्याला भित्रेपणाचे नाव दिले. त्याच्या हातात घर होते आणि मी त्याला ते कोंडवाड्यासारखे दाखवले.

टोरांटोचे डाव आपल्याकडच्या घड्याळाने मध्यरात्री सुरू व्हायचे. ६ एप्रिलच्या पहाटे, अजून अंधार होता, माझा फोन वाजला. या वयात अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होते. पलीकडून आवाज आला, ‘सर, झोपलासा काय?’ तोच मुलगा. आता चाळिशीकडे झुकलेला, रात्रपाळीहून सुटलेला, चहाच्या गाड्यापाशी उभा राहून मोबाइलवर डाव पाहणारा. म्हणाला, ‘विदितनं नाकामुराला काढलं सर. काळी घेऊन. बर्लिन लावून.’ मग थोडा थांबला आणि म्हणाला, ‘बर्लिन भित्र्याचा नसतोय सर.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तो हसून म्हणाला, ‘झोपा आता. सकाळी येतो पट घेऊन.’

तो आला. आम्ही दोघांनी पहिल्या चालीपासून डाव लावला. उंटाची झेप आली तेव्हा मी ‘वा!’ म्हणून गेलो. त्याने मला थांबवले आणि पाच चाली मागे गेला. ‘वा इथं म्हणा सर,’ असे म्हणून त्याने किल्लेकोटावर बोट ठेवले. मी आयुष्यभर मुलांना शिकवले, त्या सकाळी शिकलो.

वाचकहो, काळी मोहरी घेऊन मोठे झालेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठवा. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. जयश्री आणि रोहिणी या बहिणींनी पुढे ते विजेतेपद अनेक वर्षे घरातच ठेवले. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मुलीने तिथे खेळावे की नाही यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितले की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. पटावर बसण्याआधीच पहिली चाल दुसऱ्याने केलेली होती. त्यांनी उत्तर दिले. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने असेच एक घर बांधले आणि खेडोपाडीच्या मुलांना खेळायला जागा दिली. आणि २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत समोर कोनेरू हंपी. दोन डाव बरोबरीत, जादा जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि निर्णायक डाव दिव्याने जिंकला तो काळ्या मोहऱ्यांनी. तिनेही आधी तीन डाव न हरता काढले, मग चौथा जिंकला. त्या तीन बरोबऱ्यांची बातमी पहिल्या पानावर आली नाही. पण त्या नसत्या तर चौथा डाव झालाच नसता.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. बेळगाव भागातला मराठी माणूस बचावाबद्दल बोलतो म्हटल्यावर तो यायचाच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा पहिली चाल आपली नव्हती. आपण काळ्या बाजूने बसलो, आणि अजून बसलो आहोत. तो खटला न्यायालयात आहे. त्याचा निवाडा करायला मी या मंचावर उभा राहिलो नव्हतो. मला बोलायचे आहे ते पटाच्या आपल्या बाजूबद्दल. बचाव म्हणून आपण काय करतो?

बचावाचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात माणूस प्याद्यांमागे दडतो, एकही मोहरा जागचा हलवत नाही आणि समोरच्याला शिव्या देत बसतो. असा डाव वाचत नाही, मरायला फक्त जास्त वेळ लागतो. दुसरा प्रकार बर्लिनचा. दबाव आला की नवा मोहरा बाहेर काढायचा. वर्गात मुले कमी झाली तर पटसंख्येच्या कागदावर रडत न बसता उरलेल्या बारा मुलांना बारा पुस्तके वाचून दाखवायची. वाचनालयाची वर्गणी भरायची आणि तिथे जायचेही. हे व्याख्यान ज्या मालेत झाले ती माला चालवणारे लोक काही मोठी घोषणा करत नाहीत. खुर्च्या मांडतात, माइक तपासतात, दर वर्षी पुस्तिका छापतात. तो किल्लेकोट आहे. एखाद्या वर्षी यातूनच कोणाचा तरी उंट झेप घेईल. तेव्हा टाळ्या त्या उंटाला मिळतील. मिळू देत.

आणि हो, नवे मोहरे बाहेर काढायचे तर शेजाऱ्याशी वैर धरून चालत नाही. मच्छेत तंत्रविद्यापीठ आहे, तिथे साऱ्या कर्नाटकातली मुले येतात. आमच्या ओवरीत संध्याकाळी त्यांतली काही जण येऊन बसतात. ती ‘चदुरंग’ म्हणतात, आम्ही ‘बुद्धिबळ’ म्हणतो, आणि शह बसला की दोघांचेही तोंड सारखेच पडते. पटावर समोरचा माणूस नसेल तर बचावही नाही आणि खेळही नाही. डाव संपल्यावर त्याच्याशी हात मिळवायचा असतो, हे शिकवायला बुद्धिबळासारखा मास्तर नाही.

तो मुलगा, त्याला अजून मुलगा म्हणण्याची माझी सवय गेलेली नाही, आता रविवारी ओवरीत येतो. पाळी सकाळची असेल तर दुपारी येतो. मुलांना शिकवतो. परवा एक सातवीतली मुलगी हिरमुसून बसली होती, कारण सलग दुसऱ्यांदा तिच्याकडे काळी मोहरी आली होती. मी तिला काहीतरी सांगायला पुढे झालो. त्याने डोळ्यांनीच मला खुणावले, तुम्ही राहू द्या सर. मग तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि विचारले, ‘बाळ, समोरच्यानं काय केलंय ते आधी नीट बघ. मग सांग, तुझा कुठला मोहरा अजून घरात बसलाय?’

तिने पटाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग राजाकडच्या घोड्याला हात लावला.

तुमच्यासमोरचा पट अजून मांडलेला असेल तर डाव इथून पुढे तुम्ही चालू ठेवा.